विजयदुर्ग १७५६ : अ‍ॅडमिरल वॉटसनचा अधिकार आणि पुणे दरबार

इ. स. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती पडला. ह्या घटनेचा विचार मराठी इतिहासलेखनात बहुधा एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने होत आला आहे : नानासाहेब पेशव्याने परक्याच्या हातून घरचेच आरमार का जाळविले? प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारताना ‘इंग्रज’ हा शब्द एकजिनसी धरला जातो. वस्तुतः पेशव्याने तह केला होता तो एका सत्तेशी, आणि विजयदुर्गापुढे तोफा रोखून उभी राहिली ती दुसरीच. पहिली सत्ता म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शियर व त्याचे कौन्सिल. दुसरी म्हणजे राजा दुसरा जॉर्ज ह्याच्या आरमाराचा पूर्व समुद्रावरील प्रमुख, रिअर-अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन. ह्या दुसऱ्या अधिकारपदाचे स्वरूप काय होते, हे पाहिल्यावाचून १७५५-५६ च्या व्यवहाराचा उलगडा होत नाही.

इंग्रजी आरमाराच्या परिभाषेत वॉटसनकडे ‘ईस्ट इंडीज स्टेशन’ होते. ‘स्टेशन’ आणि आपला ‘ठाणे’ हे शब्द मुळात एकाच धातूचे सगोत्र. पण दोहोंच्या अर्थाची वाटचाल अगदी भिन्न. ठाणे म्हटले की गढी, शिबंदी आणि भोवतालचा वसूल डोळ्यांपुढे येतो. आरमारी स्टेशनाला ह्यांतले काहीच नव्हते. केपच्या पूर्वेकडील अफाट पाणी हेच त्याचे क्षेत्र. तेथील प्रमुखाला सनद राजाकडून मिळे, आज्ञा लंडनच्या आरमारखात्याकडून येत. आणि पत्राचे उत्तर येण्यास वर्ष उलटून जाई. कंपनीचे गव्हर्नर त्याला विनंती करू शकत, हुकूम करू शकत नसत.

वॉटसन १७५४ मध्ये हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आला तो फ्रेंचांवर नजर ठेवण्यासाठी, आंग्ऱ्यांसाठी नव्हे. मुंबईशी त्याचा संबंध आणला तो प्रामुख्याने ऋतुमानाने. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या प्रारंभी चोलमंडलाच्या उघड्या किनाऱ्यावर मोठी जहाजे सुरक्षित राहत नसत, आणि जहाजांचे तळ तपासण्यासाठी गोदी लागे. ती मुंबईत १७५० मध्येच बांधून झाली होती. क्लाइव्हही त्याच सुमारास विलायतेहून मुंबईस आला. मराठ्यांच्या साह्याने दक्षिणेतील फ्रेंचांवर चालून जाण्याची योजना त्याने बरोबर आणली होती. पण मद्रास व पाँडिचेरी ह्यांच्या दरम्यान १७५५ च्या आरंभी तहकुबी झालेली असल्याने ती बारगळली. अशा रीतीने एक प्रबळ काफिला मुंबईत मोकळा सापडला, आणि कौन्सिलने त्याचा उपयोग तुळाजी आंग्ऱ्यावर करून घेण्याचे ठरविले.

तत्पूर्वीच्या वर्षी हेच काम कंपनीने आपल्या बळावर आरंभिले होते. मार्च १७५५ च्या तहान्वये मराठ्यांचे आरमार इंग्रजांच्या निर्देशाखाली लढावे आणि गडांवरील तोफा, सामान व द्रव्य पेशव्याकडे यावे, असे ठरले. एप्रिलमध्ये कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स ह्याने ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून मारा करून सुवर्णदुर्ग घेतला, आणि तहानुसार तो पेशव्याकडे गेला. जेम्स हा कौन्सिलचा नोकर. कौन्सिलचा तह त्याला बंधनकारक होता. पुणे दरबारने इंग्रजांच्या वर्तनाचा अंदाज ह्या अनुभवावरून बांधला असल्यास नवल नाही.

विजयदुर्गाच्या वेळीही जेम्सची कामगिरी लहान नव्हती. डिसेंबर १७५५ मध्ये त्याने खाडीच्या मुखाशी जाऊन पाहणी केली आणि मोठ्या जहाजांना तोफेच्या टप्प्यात शिरण्याइतके पाणी आहे, हे निश्चित केले. पण पुढील सूत्रे त्याच्या हाती राहिली नाहीत. ७ फेब्रुवारी १७५६ रोजी काफिला मुंबईहून निघाला तेव्हा वॉटसनचे ‘केंट’, दुय्यम अधिकारी पोकॉक ह्याचे ‘कंबरलँड’, शिवाय ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ ही राजाची जहाजे मुख्य होती. कंपनीची गलबते व गोळे फेकणाऱ्या नौका त्यांच्या जोडीला होत्या. रामाजी महादेवाची फौज जमिनीवरून येऊन ठेपली होती, आणि तुळाजी किल्ला सोडून मराठ्यांच्या छावणीत बोलणी करण्यास गेला होता.

हा क्षण निर्णायक होता. तुळाजीने मराठ्यांकरवी किल्ला खाली केला असता तर लढाईचे प्रयोजनच उरले नसते, लुटीचेही नाही. वॉटसनने किल्ला आपल्या स्वाधीन करण्याची मागणी केली आणि ती मान्य होत नाही असे पाहून १२ फेब्रुवारीस मारा सुरू केला. एक गोळा आंग्ऱ्याच्या ताफ्यातील ‘रेस्टोरेशन’ ह्या जहाजावर पडला. हे जहाज पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेले होते. त्याची आग पसरत जाऊन आंग्ऱ्यांचा जवळजवळ सारा ताफा जळाला. त्याच रात्री क्लाइव्ह फौजेसह किनाऱ्यावर उतरला, तो किल्ला आणि मराठ्यांची छावणी ह्यांच्यामध्ये. मित्राची वाट अडविणारी ही हालचाल लढाईइतकीच बोलकी आहे. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज सापडला. त्याची वाटणी मुंबई सोडण्यापूर्वीच निश्चित झाली होती. इंग्रजी आरमारात लुटीचा एक-अष्टमांश झेंडाधारी अधिकाऱ्यांचा मानला जाई. त्या अष्टमांशाचे दोन-तृतीयांश वॉटसनला आणि एक-तृतीयांश पोकॉकला, असा हिशेब होता. क्लाइव्हचा हिस्सा जहाजाच्या कप्तानाइतका ठरल्याने लष्करी अधिकारी रुष्ट झाले. तेव्हा वॉटसनने आपल्या वाट्यातून भर घालण्याची तयारी दाखविली, व क्लाइव्हने ती नाकारली. इंग्रज ग्रंथकारांना हा प्रसंग दोघांच्या औदार्याचा वाटतो. त्यांच्या वादात तिसऱ्याचा हक्क कोणासही आठवला नाही, इकडे मात्र त्यांचे लक्ष जात नाही. मराठ्यांना ह्या वाटणीत स्थान नव्हते. तह कौन्सिलचा होता, लुटीचा नियम आरमाराचा. आणि त्या दिवशी तोफा आरमाराच्या होत्या.

पुणे दरबाराला हा भेद का उमगला नसावा? राजकीय अदूरदृष्टी हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. मराठी राज्यव्यवस्थेत समुद्रावरील अधिकाराची जी कल्पना रूढ होती, तीत असे पद बसतच नव्हते. ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीज ‘अर्मादा’वरून आल्याचे मानले जाते, आणि आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग म्हणून मान आहे. पण त्याच्या प्रमुखाचा किताब ‘सरखेल’ हा फारसी-अरबी, मूळ घोडेस्वारांच्या पथकाशी निगडित. जमिनीवरचा शब्द पाण्यावर आला, तो जमिनीची व्यवस्था सोबत घेऊनच. कान्होजीची सरखेली म्हणजे गड, बंदरे, मुलूख आणि वंशपरंपरा. असा सरदार बिघडला तर त्याचा मुलूख दाबता येई, भाऊबंदांस हाताशी धरता येई. तुळाजीवर पेशव्याने हेच केले. ‘अ‍ॅडमिरल’ ह्या शब्दाच्या पोटातही अरबी ‘अमीर’ लपलेला आहे. पण वॉटसन कोणत्याही अर्थाने अमीर नव्हता. त्याला मुलूख नव्हता, ह्या किनाऱ्यावर वारस नव्हता. तो नेमलेला, बदलता येण्याजोगा अधिकारी होता. त्याला धरावयाचे कशाने? ‘टोपीकर’ ह्या एका शब्दात राजाचा कप्तान आणि कंपनीचा व्यापारी दोघेही सामावत असल्यामुळे हा प्रश्न पुण्यात उपस्थितही झाला नसावा.

किंबहुना हा भेद खुद्द कंपनीलाही जाचत असे. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतल्यावर फोर्ट विल्यमचा ताबा कोणाचा ह्यावरून वॉटसन आणि क्लाइव्ह ह्यांच्यात प्रकरण इतके विकोपास गेले की, किल्ला सोडला नाही तर तोफा डागण्याची धमकी वॉटसनने दिली. त्याच वर्षी अमीचंदाला फसविण्यासाठी केलेल्या खोट्या तहनाम्यावर सही करण्याचे त्याने नाकारले. सही त्याच्या नावाने दुसऱ्याने केली. १६ ऑगस्ट १७५७ रोजी तो कलकत्त्यासच मरण पावला.

विजयदुर्गाविषयीच्या पेशव्याच्या तक्रारींना उत्तर देण्याचा प्रसंग वॉटसनवर आला नाही. १७५६ चा पावसाळा सुरू होण्यापूर्वीच त्याचा काफिला मद्रासकडे निघून गेला होता. तो गेल्यावर भांडण राहिले ते मुंबईच्या कौन्सिलशी. आणि बाणकोट आपल्याकडे राहावे म्हणून कौन्सिलने विजयदुर्ग काही महिने अडवून धरला. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यास बायफील्ड व स्पेन्सर ह्या कौन्सिलच्या वकिलांनी तह केला. बाणकोट इंग्रजांना मिळाले, विजयदुर्ग पेशव्याकडे आला, आणि पुढे तेथेच धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचा आरमारी सुभा उभा राहिला. जळालेली जहाजे व वाटून गेलेला ऐवज परत येणारा नव्हता. तहानंतर चारच दिवसांनी, १६ ऑक्टोबरास, वॉटसनची जहाजे मद्रासहून बंगालकडे निघाली.