सायलाचे शेवटचे १२० तास

वरूडच्या संत्राबागेत पावसाळी नवती फुटली की कोवळ्या शेंड्यांवर सायला बसतो. तपकिरी, तिळाएवढा, बूड वर करून रस शोषणारा. झाडाझाडांत ग्रीनिंग रोग पसरवतो तो हाच. बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी त्याला कशी संपवते, याचा दमट हवेतला हा साधारण घटनाक्रम.

तास ० (सायंकाळी ५) : ऊन उतरले. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम भुकटी मिसळून शेंडे आणि पानांची खालची बाजू भिजवली. भर उन्हात अतिनील किरणांनी बीजाणू मरतात.

तास १ : बीजाणू सायलाच्या अंगाला चिकटले. बीटी हे जिवाणूजन्य कीटकनाशक किडीच्या पोटात जावे लागते. बिव्हेरियाला नुसता स्पर्श पुरतो.

तास १२ ते २४ : रात्रीच्या ओलाव्यात बीजाणू रुजले. हवा कोरडी पडली, तर सगळी मेहनत इथेच वाया जाते.

तास २४ ते ४८ : विकरांनी कायटिन विरघळवत कोंब कातडीत शिरला. सायला मात्र अजून रस शोषतोच आहे. "काहीच फरक नाही" म्हणत शेतकरी विषारी औषधाचा पंप उचलतो, तो याच वेळी.

तास ४८ ते ७२ : बुरशी शरीरभर वाढली. अन्नद्रव्य तिने ओढले, वर विषद्रव्ये सोडली. कीड मंदावली.

तास ९६ ते १२० : सायला मेला. कधी आठवडाही लागतो. ओलावा टिकला तर सांध्यांतून पांढरी बुरशी बाहेर येते आणि नवे बीजाणू शेजारच्या किडींवर पडतात.

१८३५ मध्ये इटलीच्या अगोस्तिनो बासी यांनी रेशीमकिड्यांच्या रोगामागे हीच बुरशी असल्याचे दाखवले. म्हणून तुतीच्या बागेजवळ ती फवारू नये.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. झटपट परिणामाची ही किंमत आपण मोजली आहे. म्हणून बागायतदारांना विनंती : कीड थोडी असतानाच बिव्हेरिया वापरा, ताजे आणि सावलीत ठेवलेलेच घ्या, त्यात बोर्डो मिश्रण किंवा दुसरे बुरशीनाशक मिसळू नका, आणि त्याला त्याचे पाच-सात दिवस द्या.