दक्षिण गंगोत्री : बर्फाखाली गेलेले ठाणे आणि गोवा

गोव्यात बर्फ पडत नाही. तरीही बर्फाने गिळलेल्या एका भारतीय वस्तीचा गोव्याशी जवळचा संबंध आहे. सभासदांच्या मुलाबाळांना त्याची माहिती व्हावी म्हणून ही नोंद.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून जहाजाने निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. मोहिमेचे प्रमुख डॉ. एस. झेड. कासिम हे पूर्वी दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने किनाऱ्यालगतच्या जाड हिमथरावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे बांधले. या मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातील डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला. १९८४ मध्ये ठाण्यावर टपाल कार्यालय उघडले, तेही गोवा टपाल विभागाच्या अखत्यारीत.

आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तेथे हिवाळा. समुद्र गोठतो, जहाज येऊ शकत नाही आणि सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. आपण चार महिन्यांचे पुरुमेंत भरतो, तेथे इंधन, धान्य, औषधे सारे उन्हाळ्यातच भरून ठेवावे लागते. कोणी आजारी पडले तर ठाण्यावरचा डॉक्टर हाच आधार.

खरे संकट हिमवादळांचे. वाऱ्याबरोबर आलेला भुसभुशीत बर्फ इमारतीच्या आडोशाला साचतो. साखळीत वाळवंटी नदीचा पूर येतो तसा ओसरतोही, तेथे साचलेला बर्फ वितळत नाही. दरवर्षी थरावर थर चढत गेले, ठाणे हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये ते बंद करावे लागले.

या अनुभवातून पुढील ठाण्यांची जागा बदलली. ‘मैत्री’ (१९८९) किनाऱ्यापासून आत, उघड्या खडकावर आहे. ‘भारती’ (२०१२) किनाऱ्याजवळ असली तरी तीही खडकावरच. दोन्ही खांबांवर उभी असल्याने वारा बर्फ खालून वाहून नेतो.

आज या मोहिमांचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. विज्ञानाची आवड असलेल्या आपल्या मुलांसाठी अंटार्क्टिकाची वाट घराजवळूनच सुरू होते.