पाव, भाकरी आणि पगार

'पाव' हा मूळचा पोर्तुगीज शब्द. पायाने तुडवून करतात म्हणून पाव, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं खरं नाही, पण ती व्युत्पत्ती इतकी का पसरली यातच अर्धा इतिहास आहे.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्यांचं सैन्य हरलं आणि पुढे तिथेच इंग्रजांची छावणी वसली. लढाई आपण शाळेत घोकलेली असते, छावणीतल्या जेवणाबद्दल कोणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरला रोजचं रेशन ठरलेलं असे: एक पौंड पाव, एक पौंड मांस, शिवाय तांदूळ, साखर, चहा, मीठ आणि सरपण. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आजचा स्लाइस ब्रेडचा मोठा पुडा एकट्याला, रोज! आणि तो तोलून मिळायचा.

छावणीपासून सहा-सात किलोमीटरवर पेठांमधलं पुणं. तिथे १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या समारंभात न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी (हो, आनंदीबाईंचे यजमान, तेच) हजर असलेल्यांची नावं चक्क छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. बिस्किटांवरून एवढं, तर पावाची काय कथा! प्रश्न चवीचा नव्हताच, पीठ कोणाच्या हातांनी मळलंय याचा होता.

पण हा झाला भरल्या पोटाचा वाद. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, भाकरीची.

खेड्यात बलुतेदारांना कामाचा मोबदला धान्यात मिळे, हे आपण 'स्वयंपूर्ण गाव' या धड्यात वाचलेलं असतं. त्यात एक बारीक अक्षरातली अट आहे. वेशीची राखण, सांगावे पोचवणं, सरकारी माणसांची सरबराई, मेलेली ढोरं ओढणं ही कामं महारांकडे. ती घरांमध्ये पाळीपाळीने फिरत, तिला येसकरपाळी म्हणत. ज्याची पाळी, त्याने दारोदार फिरून भाकरी गोळा करायची. म्हणजे बघा, हक्काचा मोबदला, पण मागून आणायचा. किती मिळेल, ताजी की शिळी, काहीच ठरलेलं नाही. सोल्जरचा पाव पौंडात, येसकराची भाकरी समोरच्याच्या मर्जीत. आपण ऑफर लेटरमधला सीटीसीचा एकेक आकडा तपासतो, म्हणून हा फरक आपल्याला तरी पटकन कळायला हवा.

म्हणूनच पलटणीतल्या नोकरीचं मोल निराळं होतं. तिथे महिन्याला रोख पगार होता. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तिथेही मजुरी पैशात. मात्र १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली आणि पगाराचा तो मोठा रस्ता मिटला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला, त्यात सैन्यात आणि पोलिसात घ्या अशी मागणी होती. या अर्जाला आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळी तरी मिळायला हव्या होत्या. असो.

पुढे १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक आणलं. बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, हा त्यातला एक मुद्दा. ते मंजूर झालं नाही. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं, म्हणजे मधे तीस वर्षं गेली.

तोवर पावाचा विटाळही शहरात बराच ओसरला होता. आज मिसळीबरोबर पाव घेताना कोणी कोणाची जात विचारत नाही, निदान तोंडावर तरी. भाकरीच्या बाबतीत आठवण जरा उशिराच छापली गेली. दया पवारांचं 'बलुतं' आलं १९७८ मध्ये, कायद्यानंतर वीस वर्षांनी, आणि शहरातल्या कित्येक वाचकांनी 'येसकर' हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा वाचला असणार.