छोट्या हत्तीचं कूळ

टाटा मोटर्सने मे २००५मध्ये 'एस' ही गाडी बाजारात आणली आणि लोकांनी लवकरच तिचं बारसं 'छोटा हत्ती' असं करून टाकलं. कंपनीच्या घराण्यात पाहिलं तर १९८६चा ४०७ हा तिचा थोरला भाऊ. म्हणून मोठा ट्रक लहान करत ४०७ झाला आणि ४०७ आणखी लहान करून एस झाली, अशी वंशावळ सहज मांडली जाते. ती पटण्यासारखी नाही. ४०७ जन्मला तो जपानी सहकार्याने भारतात बनू लागलेल्या हलक्या ट्रकांशी टक्कर द्यायला. एसची टक्कर तीनचाकी टेंपोशी होती, आणि तिचा खरा पूर्वजही तोच आहे. २०००-०१मध्ये टेल्कोला, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सला, सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. मंदी आली की मोठ्या ट्रकांची मागणी आधी आटते. कंपनीला त्या लहरीवर न हलणारं काहीतरी हवं होतं. कंपनीतल्या गिरीश वाघ यांच्या गटाने मग ट्रकमालकांऐवजी तीनचाकीवाल्यांना गाठलं. त्यांना हवं होतं ते साधंच: कमी किंमत, कमी डिझेल, स्वस्त दुरुस्ती, वळणावर न कलंडणारी गाडी. त्यात एक मागणी अशी होती की ती कुठल्याच तांत्रिक तक्त्यात बसली नसती. दाराशी चारचाकी असली की लग्नाच्या बाजारात मुलाचं वजन वाढतं! तिकडे सुवर्ण चतुष्कोन या महामार्ग-प्रकल्पाचं काम चालू होतं. महामार्गावर अवजड ट्रक वाढणार, तर गावा-पेठांतल्या गल्लीबोळांत माल पोचवायला काहीतरी छोटं लागणार, हा हिशेबही त्यामागे होता.

यावर पहिला आक्षेप इंजिनाचा. ते तर इंडिका या मोटारीचं. मग हे मोटारीचं कूळ नव्हे का? इंडिकाचं चार सिलिंडरचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन निम्मं करून ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन बनवलं हे खरं. पण काय राखलं आणि काय सोडलं, ते गाडीखाली वाकून बघावं. इंडिकाचं इंजिन पुढे आडवं बसे आणि पुढची चाकं ओढे. इथे ते सीटखाली गेलं आणि ताकद मागच्या चाकांना मिळाली. पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंगचे पाटे, म्हणजे ट्रकासारखी बैठक. ताकद अवघी १६ अश्वशक्ती. एवढ्यावर मोटार विकायला कुणी धजलं नसतं, पण तीनचाकीतून उतरलेल्या माणसाला ती पुरेशी वाटली. कागदावरचा भार पाऊण टन. त्यावर प्रत्यक्षात किती चढतो, हे कुठल्याही बाजार समितीच्या दारात दिसतं. किंमत सुमारे सव्वादोन लाख ठेवली, म्हणजे टेंपोवाल्याने थोडं जास्त कर्ज काढलं की आवाक्यात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जपानमध्ये असले बुटके ट्रक १९६०च्या दशकापासून धावतात, सुझुकीचा कॅरी त्यातलाच. मग एस त्यांची नक्कल नाही का? चेहरेपट्टी मिळते, पण जपानी गाडीचा आकार तिथल्या करसवलतीने ठरवला; लांबी आणि इंजिन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की सवलत गेली. एसला तसं कुठलंच कुंपण नव्हतं. तिची माप-मर्यादा टेंपोवाल्याच्या महिन्याच्या हप्त्याने ठरली, आणि डिझेलही त्याच हिशेबातून आलं.

प्रतिस्पर्ध्यांनाही हा हिशेब उमगायला काही वर्षं लागली. महिंद्राची मॅक्सिमो २०१०मध्ये आली, अशोक लेलँडचा दोस्त २०११मध्ये. तीनचाकी मात्र मेली नाही, आणि माझ्या मांडणीतली ही अडचण मान्य करायला हवी: वारस आला तरी पूर्वज धंदा सोडून गेला नाही. उलट बॅटरीने त्याला नवं बळ दिलंय. महिंद्राची विजेवरची तीनचाकी ट्रिओ झोर २०२०मध्ये ५५० किलोंचा भार घेऊन आली. २०२२मध्ये जाहीर झालेली विजेवरची एस ६०० किलोंची. दोघींमध्ये अंतर उरलं ५० किलोंचं, आणि एका चाकाचं.