कारखान्यात अर्धी, गल्लीत पुरी

कोल्हापूरने पंप केले, इंजिनं केली, गाड्यांचे सुटे भाग ओतले. बाबूराव पेंटरांनी तर 1918 मध्ये सिनेमाचा कॅमेराच इथे तयार केला. सायकलचं गाव म्हणून नाव झालं ते मात्र लुधियानाचं.

इथला यंत्रधंदा शेतीच्या तहानेवर वाढला. पंचगंगेचं पाणी उसापर्यंत चढवायला ऑइल इंजिन हवं, ते बंद पडलं की भाग हवा. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल अडला, तेव्हा मेस्त्र्यांनी भाग इथेच पाडले आणि पुढे आख्खं इंजिन उभं केलं. ओतकाम आणि लेथ हे शिवाजी उद्यमनगरचं बळ. सायकलला लागते पातळ नळी, नाजूक सांधा आणि एकाच नगाच्या लाखो प्रती. तो खेळच वेगळा!

आपल्याकडे आधी रॅले, हर्क्युलिस या सायकली विलायतेहून येत. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना चालला. 1980 मध्ये त्याचं राष्ट्रीयीकरण झालं. 1956 ची लुधियानाची हिरो 1986 मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेली. तिच्याच एका मॉडेलमुळे जाड टायरची कुठलीही सायकल आपल्याकडे ‘रेंजर’ झाली. डोंगरउतारावर चालणाऱ्या या जाड टायरच्या सायकलचं मूळ सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियात. मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली मानली जाते ती 1981 ची स्टंपजम्पर.

सायकलच्या कारखान्यात नळ्या कापून, टोकं एकमेकांत बसतील अशी कोरून जिगवर धरतात आणि वेल्डिंग करतात. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर तिला भट्टीत पुन्हा ताकद द्यावी लागते, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने धातू नरम पडतो. मग रंग. दुसरीकडे हबमधून स्पोक ओवून चाक बांधलं जातं. यंत्र स्पोक ताणतं, पण चाकाचा शेवटचा आउट, म्हणजे डुगडुग, अनेक ठिकाणी माणूसच काढतो. बेअरिंग दाबून बसवतात, फोर्क, क्रँक, गिअर चढतात. आणि एवढं करून सायकल अर्धवटच खोक्यात जाते! हँडल, पॅडल, पुढचं चाक, ब्रेक-गिअरची अखेरची जुळवणी, हे सगळं दुकानातल्या मिस्त्रीच्या पान्यावर.

म्हणजे सायकलचा कारखाना कोल्हापुरात नसला, तरी तिची शेवटची जोडणी गल्लीतल्या दुकानातच होते, आणि ती दुय्यम समजणं चूक आहे. पन्हाळ्याच्या उतारावर ब्रेक लागतो की नाही, ते तिथेच ठरतं.

नवी सायकल घेतलीत तर महिनाभर चालवून ती पुन्हा मिस्त्रीकडे न्या. तोवर केबल सैलावतात, स्पोक बसतात. ते ताणून घ्या आणि मगच घाट उतरा.