नगरच्या मिशन शाळा : मिस फरार ते डॉ. हिवाळे

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांना मानाचे स्थान आहे. या मिशनची मातृसंस्था म्हणजे 1810 साली स्थापन झालेले अमेरिकन बोर्ड. बोर्डाचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1830 मध्ये याच बोर्डाचे एलायजा ब्रिजमन चीनमधील कॅन्टन बंदरात पोहोचले. पुढे त्यांच्या पत्नी एलायझा यांनी 1864 मध्ये पेकिंगमध्ये मुलींची शाळा काढली. मराठी मुलखात मात्र हे काम चार दशके आधीच सुरू झाले होते, कारण मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा 1824 मध्ये उघडली.

या शाळांची धुरा 1827 च्या डिसेंबरात आलेल्या सिंथिया फरार यांनी उचलली. न्यू हॅम्पशायरमध्ये 1795 साली जन्मलेल्या फरारबाई अविवाहित होत्या. एकट्या स्त्रीने शिक्षणकार्यासाठी सातासमुद्रापार जावे, ही गोष्ट त्या काळी अमेरिकेतही नवलाची होती. दोनच वर्षांत त्यांच्या शाळांतील मुलींची संख्या सुमारे 400 वर गेली. वर्गात प्रत्यक्ष शिकवण्याचे काम प्रामुख्याने पंतोजी करीत, तर देखरेख बाईंची असे. वाचन, लेखन, अंकगणित आणि शिवणकाम असा अभ्यासक्रम होता.

अहमदनगरचे ठाणे 1831 मध्ये सुरू झाले आणि 1839 मध्ये फरारबाई तेथे आल्या. काम सोपे नव्हते. बालविवाहामुळे अक्षरओळख होते न होते तोच मुली सासरी जात. त्याच वर्षी हरिपंत खिस्ती यांचा बाप्तिस्मा झाला आणि शहरात खळबळ उडाली. धर्मांतराच्या अशा प्रत्येक वार्तेने पालक धास्तावत आणि मुलींना शाळेतून काढून घेत. बाई मात्र पुन्हा घरोघरी जात आणि वर्ग नव्याने उभे करीत.

या कामाला अनेकांचे हात लागले. 1842 मध्ये अहमदनगरहून मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मुंबईच्या मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली मराठी टाइप घडत होता. पुढे निर्णयसागर छापखाना उभारणारे जावजी दादाजीही तेथेच ही कला शिकले.

नगरच्या शाळेचा प्रभाव शहराच्या वेशीबाहेरही पोहोचला. जोतीराव फुले यांनी फरारबाईंची शाळा पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. ही प्रेरणा त्यांनी स्वतः बोलून दाखवली होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1862 च्या जानेवारीत फरारबाईंचे नगरलाच निधन झाले. आयुष्याची चौतीस वर्षे त्यांनी या कामाला दिली होती.

त्यांच्या पश्चात काम थांबले नाही. नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील वडाळ्यासारखी ग्रामीण ठाणी वाढली. रॉबर्ट ह्यूम यांनी 1878 मध्ये नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अन्नान्न दशा झालेली शेकडो मुले मिशनच्या आश्रयाला आली. पैसा अपुरा, माणसे थोडी. तरीही त्यांच्या पोटाबरोबर शिक्षणाची आणि हाताला एखाद्या हुन्नराची सोय करण्यात आली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे वास्तव्यही याच परिसरात घडले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1947 मध्ये, या परंपरेला नवे वळण मिळाले. हार्वर्डमध्ये शिकून आलेल्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. परदेशी शिक्षिकेच्या देखरेखीखाली वाढलेली शिक्षणाची परंपरा आता मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली, आणि जिल्ह्यातील शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांना पदवी आपल्याच गावाजवळ घेता येऊ लागली.

आज मुलींच्या शिक्षणासाठी पूर्वीसारखी घरोघरी मनधरणी करावी लागत नाही, यात नगरच्या या शाळांचा मोठा वाटा आहे. फरारबाईंनी पाया घातला. पंतोजींनी, मुद्रकांनी, फुले दांपत्याने आणि हिवाळ्यांनी त्यावर इमारत उभी केली. या सर्वांच्या श्रमांचे ऋण महाराष्ट्रातील प्रत्येक शिकलेल्या मुलीच्या घरावर आहे.