मुदत टळलेले वाद

गाडलेली मढी उकरून काढू नयेत, असे आपण घरोघर ऐकत आलो. भाऊबंदकीचा विषय निघाला की वडीलधारे माणूस हे वाक्य उच्चारते आणि ते उच्चारून होताच स्वतःच आजोबांच्या वेळची एखादी हकीकत सांगू लागते. जुना वाद मिटवावा कसा, तो मिटला असे कोणी व कधी म्हणावे आणि मिटलेला वाद पुन्हा काढण्याची मुभा असावी की नसावी, हा प्रश्न तसा घरगुतीच. परंतु राज्येही त्यात गुंतलेली आहेत. मराठी मुलुखाच्या इतिहासात या प्रश्नाला निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली, त्यांतली काही आज आपल्यापुढे मांडावयाची आहेत.

आरंभ वतनाच्या वादापासून करू. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही वतने वंशपरंपरेची असल्यामुळे त्यांच्यावरचे तंटेही वंशपरंपरेनेच चालत. वडीलपण कोणाच्या शाखेकडे, शिक्क्याचा मान पहिला कोणाचा, होळीची पोळी कोणी आधी लावावी, यांवरून उभी राहिलेली भांडणे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या तेवत राहिल्याचे जुन्या कागदांवरून दिसते. असा तंटा गोतसभेपुढे किंवा मजालसीपुढे आला म्हणजे प्रथम उभय पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हटले की नोकरी सोडल्याची चिठ्ठी आपल्या डोळ्यांपुढे येते. त्या काळी त्याचा अर्थ अगदी सरळ होता : ही सभा जो निवाडा देईल तो आपणांस मान्य, अशी दोघांची राजी. मग जामीन घ्यावयाचे, दोघांच्या तकरिरी लिहून घ्यावयाच्या, साक्षीपुरावा पाहावयाचा आणि कागदाने वा साक्षीने निभाव लागला नाही तर दिव्याची पाळी. कढत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा, हात पिशवीत घालून त्यावर मोहर करावयाची आणि ठरल्या दिवशी तो उघडून पाहावयाचा, हे रवादिव्य कित्येक महजरांत वर्णिलेले आहे. महजराच्या शेवटी सभेला बसलेल्यांच्या साक्षी व निशाण्या असत; पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस. अक्षर न येणाऱ्या मनुष्याचीही ग्वाही कागदावर उमटलेली पाहून आजही मन थबकते.

पण मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते त्यानंतरच्या एका लहानशा कागदाकडे. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाकडून जिंकलेल्याला एक पत्र लिहून द्यावे लागे. त्याला येजितखत म्हणत. आपला दावा खोटा ठरला, या वतनाशी यापुढे आपला व आपल्या वंशाचा संबंध नाही, पुन्हा कटकट केल्यास आपण दिवाणचे गुन्हेगार, असा त्याचा आशय. वाद बंद झाला ही गोष्ट न्यायाधीशाने सांगून भागत नसे. ती हरलेल्याच्या तोंडून, त्याच्याच नावाने वदवून घ्यावी लागे. या पद्धतीत मला मोठी समज दिसते. भांडण थांबते ते निकालाने नव्हे, कोणीतरी ‘मी थांबलो’ असे म्हटल्याने, हे त्या जुन्या पंचांना चांगले उमगले होते.

तरी वाद थांबत असत का? सदैव नव्हे. हरलेला मनुष्य येजितखत लिहून देई आणि योग्य समयाची वाट पाहत बसे. सुभेदार बदलला, गादीवर नवा धनी आला, मुलखावर दुसऱ्याचा अंमल बसला, की तो पुन्हा उभा राही. मागचा निवाडा जुलमाने झाला, पंच एका बाजूचे होते, खत जबरीने लिहून घेतले, अशी फिर्याद होई आणि पुष्कळदा ती ऐकून घेतलीही जाई. त्याला आणखी एक कारण होते, ते जरा नाजूक आहे. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे वाद कोणीही जिंको, खजिन्यात भर ठरलेली. जुनी मढी उकरण्यात ज्याचे नुकसान नाही, त्याच्याकडून ती पुरून ठेवण्याचा फारसा आग्रह होत नाही, हे सांगावयास इतिहासकाराची गरज नाही.

वस्तुतः मुदतीची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. दुसरा कोणी आपली जमीन भोगीत असता मालक पाहत असून गप्प बसला तर २० वर्षांनी त्याची हानी होते आणि इतर धनाबाबत १० वर्षांनी, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. त्यातून गहाण, शीव, ठेव आणि बालकाचे धन यांसारखी प्रकरणे वगळली आहेत. ज्याला बोलता येत नाही त्याचे मौन त्याच्यावर उलटवू नये, हा त्यातला विचार. पुढे चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळी कल्याणीस, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणास, विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली. त्याने या वचनाला मुरड घातली. २० वर्षांनी मालकाचे स्वामित्व जात नाही, मधल्या काळातील उत्पन्नावरचा हक्क तेवढा जातो, असा त्याचा अर्थ. केवळ गप्प बसल्याने मनुष्य आपल्या भुईला मुकावा, हे त्याला पटले नसावे.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि एल्फिन्स्टनसाहेबाच्या कारकीर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे १८२७ साली एकत्र झाले. त्यांतील पाचव्या रेग्युलेशनने सांगितले की जमीन, घर, वंशपरंपरेची वतने किंवा इतर स्थावर ३० वर्षांहून अधिक काळ अखंड मालकीने भोगले असेल, तर तेवढा भोगवटाच हक्काचा पुरेसा पुरावा मानावा. वतनाचा उल्लेख त्यात मुद्दाम केला आहे. जे येजितखताला साधले नव्हते ते आता पंचांगाने साधावयाचे होते. हरलेल्याची कबुली नको, गोताची ग्वाही नको. ३० वर्षे उलटली की दार बंद.

रयतेला लावलेला हा नियम सरकारने स्वतःला मात्र तितक्या उदारपणे लावला नाही. दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून इनामांची तपासणी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के बळ मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या इनामांच्या सनदा मागण्यात आल्या. ज्याची सनद वाळवीने खाल्ली किंवा लुटीत गेली त्याने काय दाखवावे? पुण्याचे पेशवे दफ्तर त्या कामी चाळले गेले. (त्याच दफ्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ मध्ये निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, बडोद्याच्या वाचकांना रियासतकार परके नाहीत.) बेळगाव, धारवाडकडील इनामदारांत या चौकशीने किती कडवटपणा पसरला, हे १८५८ मध्ये दिसले. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचे मुख्य दुःख दत्तकास परवानगी नाकारल्याचे होते. पण त्यांच्या लोकांनी सुरेबानजवळ ज्या मॅन्सनला ठार केले तो पोलिटिकल एजंट पूर्वी इनाम कमिशनच्या कामावर असलेला, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. बाबासाहेबांना त्याच वर्षी जून महिन्यात बेळगावास फाशी दिले. पुढे १८६३ च्या कायद्यांनी सरकारने तोड काढली : ठरावीक जुडी व नजराणा भरण्याचे कबूल करा, म्हणजे तुमची सनद आम्ही तपासणार नाही. चौकशी संपली खरी, परंतु पैसे घेऊन संपली.

इथवर ऐकून, मुदत जितकी आखूड तितके लोकांचे कल्याण, असे कोणास वाटेल. इंग्रज कायदेपंडितांनाही तसेच वाटले होते. १८२७ च्या नियमाप्रमाणे लेखी कर्जाच्या फिर्यादीस १२ वर्षांची सवड होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ती साध्या खतास ३ आणि नोंदलेल्या खतास ६ वर्षांवर आणली. जुने कर्ज कुळाच्या मानगुटीवर बसू नये, हा हेतू चांगला होता. घडले ते उलटेच. पूर्वी सावकार पाच-सात वर्षे दम धरी. एखादे वर्ष पाऊस बरा झाला की कुणबी काही भरी. आता तिसरे वर्ष सरत आले की सावकार ओटीवर हजर : खत नवे करून दे, नाही तर फिर्याद लावतो. नवे खत म्हणजे मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल. दरमहा शेकडा २ रुपये व्याज धरू. शंभर रुपयांचे पहिल्या तीन वर्षांअखेर १७२ होतात, दुसऱ्या खताअखेर सुमारे २९६ आणि नऊ वर्षे पुरी होताना ५०९ च्या घरात जातात. घेतलेले असतात शंभर, आणि त्या शंभरांचा तिसऱ्या खतात मागमूसही नसतो. जुने खत फाटले, त्याबरोबर कर्जाचा इतिहासही फाटला. कोर्टापुढे येई ते शेवटचे, कोरे करकरीत खत. त्यावर कुळाचा अंगठा, आणि अंगठ्यापुढे बोलणे खुंटले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. त्या दंग्यात माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार थोडे झाले. लोक सावकाराच्या दारी जात, खते आणि रोखे मागत आणि चव्हाट्यावर त्यांची होळी करीत. अडाणी म्हणून हिणवलेल्या कुणब्यांना नेमके ठाऊक होते की आपले मरण त्या कागदात आहे.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू केला. त्यातली दोन कलमे मला फार अर्थपूर्ण वाटतात. एकाने मुदत पुन्हा वाढविली : साध्या खतास ६ आणि त्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या खतास १२ वर्षे. दुसऱ्याने न्यायाधीशाला आज्ञा केली की पुढे आलेल्या खतावर थांबू नका. त्याच्या मागे जा, आधीचे खत, त्याच्या आधीचे खत, असे करीत व्यवहाराच्या मुळापर्यंत पोहोचा, पहिल्या दिवशी कुळाच्या पदरात काय पडले ते पाहा, मुद्दल निराळे व व्याज निराळे मांडा. म्हणजे ज्या सरकारने २० वर्षांपूर्वी जुने हिशेब झटपट बंद करण्याचा कायदा केला, त्याच सरकारला ते हिशेब उलगडून पाहण्याचा हुकूम काढावा लागला. एकाला जे गाडलेले मढे, तेच दुसऱ्याला आपल्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार वाटत होते!

गोमंतकीय श्रोत्यांना यातले पुष्कळसे परके वाटले असेल, कारण त्यांच्याकडे निराळाच कायदा होता. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. त्यात देणेकऱ्याची सुटका मागणी न झाल्यास २० वर्षांनी होई. मात्र त्याची नियत साफ असली पाहिजे. नियत कशीही असली तरी ३० वर्षांनी सुटका ठरलेली. मनातल्या खऱ्याखोट्याची किंमत दहा वर्षे धरणारा हा हिशेब मला मोठा मौजेचा वाटतो. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि भारताचा १९६३ चा मुदतीचा कायदा १ जानेवारी १९६४ पासून अमलात आला. मग गोव्यातील दाव्यांना कोणती मुदत लावावयाची, नवी की पोर्तुगीज? पोर्तुगीज कायद्यातील मुदती स्थानिक कायदा म्हणून कायम राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितले. २००१ मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय बाजूस सारला आणि गोव्यालाही १९६३ चाच कायदा लागू होतो, असे ठरविले. ज्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षे दिली, तो आपल्याला लागू आहे की नाही, एवढे ठरायला गोव्याला ३७ वर्षे लागली.